एचआरसी फ्यूजच्या पॅनलमधली आर्क फ्लॅश ऊर्जा: हिशेब कोणत्या क्रमाने करायचा आणि तो कुठे चुकतो

नाशिककडच्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांमधले आर्क फ्लॅशचे (पॅनलमध्ये हवेतून पेटणाऱ्या विजेच्या भडक्याचे) हिशेब तपासताना एक चूक पुन्हा पुन्हा समोर येते. फीडरवर (पॅनलमधून पुढे जाणाऱ्या लाइनवर) करंट लिमिटिंग, म्हणजे करंट शिखराला पोहोचण्याआधीच तोडणारा, एचआरसी फ्यूज आहे, म्हणून वेळ ०.०१ सेकंद धरलेला असतो. ऊर्जा दर चौ. सेमीला पाव कॅलरीच्या आसपास निघते आणि पॅनलवर ‘धोका नाही’ अशा अर्थाचे लेबल चिकटते. समीकरण बरोबर, गुणाकार बरोबर, आणि उत्तर मात्र खऱ्या आकड्यापेक्षा पंचवीस ते ऐंशी पट कमी.

फ्यूज करंट लिमिटिंग असतो तो एका ठरावीक करंटच्या वर. त्याच्या खाली तोच फ्यूज सावकाश तापत, वेळ घेत वितळतो. ४१५ व्होल्टच्या पॅनलमध्ये आर्कचा करंट शॉर्ट सर्किटच्या करंटच्या साधारण निम्म्याने असतो आणि तो नेमका या सावकाश भागात येऊन पडतो. म्हणून फ्यूजच्या पॅनलमध्ये फॉल्ट (शॉर्ट सर्किट) करंट कमी झाला की ऊर्जा बहुतेक वेळा वाढते. हे एकदा मनात बसले की पुढचा क्रम सोपा जातो.

लेखभर एकच उदाहरण घेतो. ११ केव्ही पुरवठा, १००० केव्हीए, ११/०.४३३ केव्ही ट्रान्सफॉर्मर, ५ टक्के इम्पीडन्स. मेन पॅनलमधून ४०० अँपिअर जीजी (सर्वसाधारण वापराच्या) फ्यूजचा एसएफयू (स्विच फ्यूज युनिट), पुढे ३०० चौ. मिमी अॅल्युमिनियम एक्सएलपीई केबलची एक रन, ८० मीटर, आणि शेवटी शॉपमधला डीबी (डिस्ट्रिब्यूशन बोर्ड). त्या डीबीच्या बसबारवरची (करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरची) ऊर्जा काढायची आहे. वीज गेली की हाच डीबी ५०० केव्हीएच्या डीजीवर (डिझेल जनरेटरवर) चालतो.

टप्पा १: माहिती जागेवर जाऊन गोळा करा

ड्रॉइंग कपाटातून काढून हिशेबाला बसू नका. सिंगल लाइन डायग्राम हातात घेऊन पॅनलपाशी उभे राहा आणि ओळ न् ओळ पडताळा. एवढे हवे:

- ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरचा किंवा टेस्ट सर्टिफिकेटवरचा मोजलेला टक्के इम्पीडन्स. ऑर्डरमधला आकडा चालणार नाही, कारण त्यावर १० टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो.
- महावितरणकडून तुमच्या पुरवठ्याच्या जागेची फॉल्ट लेव्हल, कमाल आणि किमान दोन्ही. लेखी मागा आणि तारखेसह जपून ठेवा.
- केबलचा साइज, धातू, रन किती आणि प्रत्यक्ष लांबी.
- फ्यूजच्या अंगावर छापलेले सगळे: रेटिंग, जीजी की एएम, साइज, मेक.
- डीजीचा केव्हीए आणि सबट्रान्झिएंट (फॉल्टच्या पहिल्या क्षणांतला) रिअॅक्टन्स.
- डीबीमध्ये बसबार उभे आहेत की आडवे, त्यांची टोके दाराकडे येतात का, पेटी केवढी आहे.

यातली सर्वांत जास्त चुकणारी नोंद फ्यूजची. एसएफयूच्या हँडलवर ४०० लिहिलेले असते, पण तो स्विचचा आकडा. आत ३१५ चा फ्यूज असू शकतो, किंवा मागच्या ब्रेकडाऊनला रात्री स्टोअरमध्ये जो सापडला तो ५०० चा. तीन फेजला तीन मेकचे फ्यूज हीही नेहमीची गोष्ट. शटडाऊन घ्या, वीज नाही याची टेस्टरने खात्री करा, मगच फ्यूज बाहेर काढून वाचा.

एएम फ्यूज मोटरच्या फीडरसाठी असतो आणि तो ओव्हरलोडवर मुद्दाम उडत नाही. रेटिंगच्या चौपट करंटवर तो मिनिटभरही वितळू नये अशीच त्याची रचना असते. त्याला जीजीचा कर्व्ह (कोणत्या करंटला किती वेळात उडतो याचा आलेख) लावला तर पुढचे सगळे वाया.

> तपासा: एखाद्या जागी फ्यूजऐवजी तांब्याची तार किंवा पट्टी घातलेली दिसली तर हिशेब तिथेच थांबवा. त्या फीडरला संरक्षण नाही. आधी ते दुरुस्त करून घ्या.

टप्पा २: कोणत्या जागेसाठी कोणता फ्यूज, हे आधी ठरवा

फ्यूज त्याच्या पुढच्या, म्हणजे लोडकडच्या भागाला वाचवतो. त्याच्या मागच्या टर्मिनलला नाही. वाक्य साधे आहे, पण निम्म्या चुका इथेच होतात.

आपल्या डीबीच्या बसबारला मेन पॅनलमधला ४०० चा फ्यूज वाचवतो, हे बरोबर. मात्र मेन पॅनलमध्ये त्याच एसएफयूचे दार उघडून उभे राहिलात, तर आर्क फ्यूजच्या इनकमिंग बाजूला लागू शकतो. तिथे तो फ्यूज कामाचा नाही. मागचा इनकमर किंवा थेट ११ केव्हीचे संरक्षण मोजावे लागते. लोडकडच्या बाजूला सुरू झालेला आर्कही एकाच पेटीत असल्याने गरम वायूसोबत इनकमिंग बाजूला पोहोचतो. त्यामुळे ज्या पेटीत फ्यूज आहे, त्या पेटीसाठी नेहमी तिच्या आधीच्या पेटीतले संरक्षण धरा.

टप्पा ३: बोल्टेड फॉल्ट दोनदा काढा

बोल्टेड फॉल्ट म्हणजे मध्ये आर्क नसलेला, कंडक्टर एकमेकांना घट्ट जोडल्यासारखा शॉर्ट सर्किट. पॅनल विकत घेताना कमाल फॉल्ट पाहायची सवय असते, कारण बसबार आणि ब्रेकर तो सोसतात का हे बघायचे असते. आर्क फ्लॅशला कमाल आणि किमान दोन्ही लागतात, आणि फ्यूज असेल तर किमान जास्त महत्त्वाचा.

*कमाल.* फॉल्ट लेव्हल उदाहरणादाखल १५० एमव्हीए धरू. ४३३ व्होल्टच्या बाजूला सोर्सचा इम्पीडन्स १.२५ मिलिओहम येतो, ट्रान्सफॉर्मरचा ९.३७. दोन्ही मिळून रेझिस्टन्स साधारण १.७ आणि रिअॅक्टन्स १०.५ मिलिओहम धरला, तर मेन पॅनलवर २३.५ किलोअँपिअर. केबल थंड असताना ८० मीटरचा रेझिस्टन्स ८.० मिलिओहम, रिअॅक्टन्स ५.६. बेरीज ९.७ आणि १६.१, एकूण १८.८ मिलिओहम. २५० व्होल्टला (४३३ भागिले ३ चे वर्गमूळ) त्याने भागले की डीबीवर १३.३ किलोअँपिअर.

*किमान.* फॉल्ट लेव्हल ८० एमव्हीएवर आली आणि केबल ९० अंशांवर तापलेली आहे असे धरा. केबलचा रेझिस्टन्स १०.२ मिलिओहम होतो, एकूण इम्पीडन्स २०.९, आणि फॉल्ट १२ किलोअँपिअर.

*डीजीवर.* ५०० केव्हीए, १२ टक्के सबट्रान्झिएंट रिअॅक्टन्स म्हणजे ४१.३ मिलिओहम. केबल धरून डीबीवर ५ किलोअँपिअर. तोही पहिल्या काही सायकलपुरता. पुढे डीजीचा करंट घसरत जातो.

छतावर सोलर असेल तर इन्व्हर्टरकडून फॉल्टला मोठी भर पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो रेटेड करंटच्या थोडा वर जाऊन थांबतो.

> इशारा: रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स यांची सरळ बेरीज करू नका. दोन्हींची वेगवेगळी बेरीज, मग वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ. लांब केबलच्या फीडरवर सरळ बेरजेने उत्तर बरेच ढळते.

टप्पा ४: बोल्टेडवरून आर्क करंटवर या

आर्कला स्वतःचा रोध असतो, म्हणून आर्कचा करंट बोल्टेडपेक्षा कमी. किती कमी, हे आयईईई १५८४ या आर्क फ्लॅशच्या मानकातली समीकरणे सांगतात. सध्याची आवृत्ती २०१८ ची. अंतिम अहवाल तिच्यावरच करा, आणि तिच्यासाठी सॉफ्टवेअर किंवा नीट बांधलेली स्प्रेडशीट लागतेच. मात्र गणित कळावे म्हणून मी इथे २००२ ची समीकरणे वापरतो. ती कागदावर सुटतात आणि आकड्यांची चाल तशीच दिसते.

पेटीतल्या आर्कसाठी, करंट किलोअँपिअरमध्ये, व्होल्टेज केव्हीमध्ये, गॅप (दोन कंडक्टरमधले अंतर) मिलिमीटरमध्ये, लॉग दहाच्या पायाचा:

लॉग (आर्क करंट) = −०.०९७ + ०.६६२ × लॉग (बोल्टेड) + ०.०९६६ × व्होल्टेज + ०.०००५२६ × गॅप + ०.५५८८ × व्होल्टेज × लॉग (बोल्टेड) − ०.००३०४ × गॅप × लॉग (बोल्टेड)

व्होल्टेज ०.४१५ आणि डीबी किंवा एमसीसीसाठी (मोटर कंट्रोल पॅनलसाठी) गॅप २५ मिमी घातला की हे आटोपशीर होते:

लॉग (आर्क करंट) = ०.८१७९ × लॉग (बोल्टेड) − ०.०४३८

- बोल्टेड १३.३, आर्क ७.५ किलोअँपिअर
- बोल्टेड १२, आर्क ६.९
- बोल्टेड ५ (डीजी), आर्क ३.३७

आर्क स्थिर नसतो. म्हणून कमी झालेल्या करंटवरही हिशेब करायचा असतो. २००२ मध्ये तो सरसकट ८५ टक्के होता; २०१८ मध्ये व्होल्टेजप्रमाणे बदलणारा गुणक आला. आपल्या उदाहरणात ६.९ चे ५.८७ होतात, ३.३७ चे २.८७. फ्यूजच्या फीडरवर ही पायरी वगळणे म्हणजे हिशेबातला सर्वांत महत्त्वाचा भाग गाळणे.

> तपासा: २०१८ च्या आवृत्तीत २४० व्होल्ट किंवा कमी आणि २००० अँपिअरपेक्षा कमी फॉल्ट असलेल्या थ्री फेज सिस्टिममध्ये आर्क टिकण्याची शक्यता कमी, असे म्हटले आहे. हे २४० व्होल्ट फेज-टू-फेज आहेत. आपल्याकडचे २३० व्होल्ट फेज-टू-न्यूट्रल. ४१५ व्होल्टच्या डीबीला ही सवलत लागू नाही.

टप्पा ५: फ्यूजचा वेळ वाचा

इथे घाई करू नका.

*पहिला नियम:* कर्व्हवर आर्क करंट शोधायचा, बोल्टेड नाही. सुरुवातीला सांगितलेला पाव कॅलरीचा हिशेब असा बनतो: १३.३ किलोअँपिअरवर कर्व्ह वाचला, तो तळाला टेकलेला दिसला, ०.०१ सेकंद घेतला. आर्कमधून मात्र १३.३ किलोअँपिअर कधी वाहतच नाहीत.

*दुसरा नियम:* टोटल क्लिअरिंग, म्हणजे करंट पूर्ण तुटेपर्यंतच्या वेळेचा कर्व्ह वापरा. कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा फक्त सरासरी मेल्टिंगचा म्हणजे प्री-आर्किंग कर्व्ह असतो. तसे असेल तर आयईईई १५८४ प्रमाणे ०.०३ सेकंदापर्यंतच्या वेळेत १५ टक्के आणि त्यापुढे १० टक्के वाढवा. आयईसी ६०२६९ या फ्यूजच्या मानकात कर्व्हला करंटच्या दिशेने १० टक्के सहनमर्यादा मान्य आहे, हेही विसरू नका. कर्व्ह उजवीकडे १० टक्के सरकवून वाचलेला वेळ आधीच्या वेळेपेक्षा जास्त आला, तर तोच घ्या. उताराच्या भागात तो जास्तच येतो.

*तिसरा नियम:* आर्क करंट कर्व्हच्या तळाच्याही पुढे गेला तरच ०.०१ सेकंद. त्याहून कमी वेळ घेऊ नका.

फ्यूजचा मेक नक्की नसेल, किंवा स्टोअरमध्ये तीन-चार मेक मिसळलेले असतील, तर मी कॅटलॉग बाजूला ठेवतो आणि आयईसी ६०२६९ मधल्या ‘गेट’ मर्यादा घेतो. कोणत्याही मेकचा जीजी फ्यूज या मर्यादांच्या आत असावाच लागतो. हिशेब कडक होतो, पण उद्या फ्यूज बदलला तरी लेबल खोटे ठरत नाही. तीन रेटिंगचे आकडे असे:

| फ्यूज (जीजी) | ५ सेकंदांत उडालाच पाहिजे | ०.१ सेकंदात उडू नये | ०.१ सेकंदात उडालाच पाहिजे |
|---|---|---|---|
| २०० अँपिअर | १२५० अँ. | १९१० अँ. | ३४२० अँ. |
| २५० अँपिअर | १६५० अँ. | २५९० अँ. | ४५०० अँ. |
| ४०० अँपिअर | २८४० अँ. | ४५०० अँ. | ८०६० अँ. |

४०० ची ओळ नीट पाहा. ०.१ सेकंदात हमखास उडायला ८०६० अँपिअर लागतात. आपला आर्क करंट कमाल फॉल्टलाही ७५०० आहे. आणि ०.०१ सेकंदाचे काय? याच रेटिंगसाठी प्री-आर्किंग आय-स्क्वेअर-टी (करंटचा वर्ग गुणिले वेळ) ७.६ लाख ते २२.५ लाख अँपिअर-वर्ग-सेकंद या पट्ट्यात मान्य आहे. ०.०१ सेकंदाने भागून वर्गमूळ काढले की करंट ८.७ ते १५ किलोअँपिअर येतो. ४०० चा फ्यूज अर्ध्या सायकलमध्ये उडायला निदान एवढा करंट हवा. या डीबीवरचा कुठलाही आर्क तिथवर पोहोचत नाही. फ्यूज करंट लिमिटिंग आहेच. या आर्कसाठी मात्र तो करंट लिमिट करत नाही.

०.१ आणि ५ सेकंदांचे कमाल बिंदू लॉग-लॉग कागदावर सरळ रेषेने जोडा आणि मधला वेळ वाचा. ४०० च्या फ्यूजसाठी ७.५ किलोअँपिअरला ०.१३ सेकंद, ६.९ ला ०.१८, ५.८७ ला ०.३३, ३.३७ ला २.६ आणि २.८७ ला जवळजवळ ५ सेकंद येतात.

> इशारा: कट-ऑफ करंटचा आलेख, म्हणजे फ्यूज किती पीक पुढे जाऊ देतो त्याचा, आर्कच्या हिशेबात वापरू नका. त्यावरून ‘लेट-थ्रू’ आरएमएस काढून तोच बोल्टेड फॉल्ट म्हणून घातलेला मी पाहिला आहे. तो आलेख बोल्टेड फॉल्टच्या चाचणीचा आहे आणि बसबारची मजबुती तपासायला आहे.

> इशारा: २००२ च्या आवृत्तीत करंट लिमिटिंग फ्यूजसाठी वेगळी, थेट ऊर्जा देणारी समीकरणे होती. ती अमेरिकन क्लास आरके१ आणि क्लास एल फ्यूजच्या ६०० व्होल्टच्या चाचण्यांवरून बनलेली. आपल्या ४१५ व्होल्टच्या जीजी फ्यूजला ती लावू नका.

टप्पा ६: ऊर्जा काढा, प्रत्येक करंटला

सॉलिडली अर्थ केलेल्या सिस्टिममध्ये, पेटीतल्या आर्कसाठी, २००२ प्रमाणे:

लॉग (नॉर्मलाइज्ड ऊर्जा) = −०.५५५ − ०.११३ + १.०८१ × लॉग (आर्क करंट) + ०.००११ × गॅप

ऊर्जा (कॅलरी प्रति चौ. सेमी) = १.५ × नॉर्मलाइज्ड ऊर्जा × (वेळ ÷ ०.२) × (६१० ÷ अंतर) चा १.६४१ वा घात

अंतर म्हणजे आर्कपासून छाती-चेहऱ्यापर्यंतचे, हातापर्यंतचे नाही. डीबी आणि एमसीसीसाठी ४५५ मिमी. मोठ्या एलटी (कमी दाबाच्या) स्विचगिअरसाठी ६१० मिमी, तिथे गॅप ३२ मिमी आणि घात १.४७३.

४०० अँपिअर फ्यूजच्या पुढच्या आपल्या डीबीचे आकडे:

| परिस्थिती | आर्क करंट (किलोअँ.) | वेळ (से.) | ऊर्जा (कॅलरी/चौ. सेमी) |
|---|---|---|---|
| चुकीचा हिशेब, बोल्टेडवर वेळ | ७.५ | ०.०१ | ०.२५ |
| कमाल फॉल्ट | ७.५ | ०.१३ | ३.२ |
| किमान फॉल्ट | ६.९ | ०.१८ | ४.० |
| किमान फॉल्ट, ८५ टक्के | ५.८७ | ०.३३ | ६.२ |
| डीजी, ८५ टक्के | २.८७ | २ | १७.४ |
| डीजी | ३.३७ | २ | २०.७ |

कातडीवर दुसऱ्या दर्जाची भाजणी सुरू होण्याची मर्यादा १.२ कॅलरी प्रति चौ. सेमी धरतात. पहिली ओळ सोडली तर बाकीच्या सगळ्या तिच्या वर आहेत.

शेवटच्या दोन ओळींत वेळ २ सेकंदांवर थांबवला आहे. माणूस तेवढ्या वेळात आर्कपासून दूर होतो, हे त्यामागचे गृहीत. एकदा वेळ असा थांबवला की मोठ्या करंटची ऊर्जा मोठी येते, म्हणून इथे ८५ टक्क्यांपेक्षा पूर्ण करंटची ओळ भारी ठरली. दोन्ही ओळी काढा आणि मोठी घ्या. कोणती जिंकेल हे आधी ओळखता येत नाही.

> तपासा: २ सेकंदांची सूट तिथेच घ्या जिथे मागे मोकळी वाट आहे. केबल ट्रेंचमध्ये बसून, शिडीवर किंवा दोन पॅनलच्या अरुंद फटीत काम होत असेल तर पूर्ण वेळ धरा.

२०१८ च्या समीकरणांत बसबारची ठेवण हिशेबात येते. टोके दाराच्या दिशेने आडवी येत असतील तर आर्कचा लोळ सरळ माणसावर येतो आणि ऊर्जा आडोशातल्या उभ्या बसबारपेक्षा जास्त निघते. टप्पा १ मध्ये बसबारची दिशा लिहून घ्यायला सांगितले ते यासाठीच. शंका असेल तर दोन्ही ठेवणींवर चालवून पाहा.

टप्पा ७: डीजीचा हिशेब वेगळा ठेवा

दिंडोरी-निफाड भागातल्या द्राक्षांच्या प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोअरेजमध्ये हंगामात डीजी तासन्तास चालतो, आणि दुरुस्तीही तेव्हाच निघते कारण माल थांबत नाही. तिथे ग्रिडवरचा आकडा लेबलवर लावून ठेवला तर मेंटेनन्सचा माणूस ६ कॅलरीचे कपडे घालून २० कॅलरीसमोर उभा राहील.

डीजीचा करंट घसरत जातो, त्यामुळे सबट्रान्झिएंट आकड्यावर थांबू नका. ट्रान्झिएंट आणि सस्टेन्ड करंटवरही कर्व्ह वाचा. काही अल्टरनेटर फॉल्टवर रेटेड करंटच्या सुमारे तिप्पट करंट टिकवतात. ५०० केव्हीएचा तिप्पट म्हणजे साधारण २१०० अँपिअर. ४०० चा फ्यूज त्यावर ५ सेकंदांतही उडेल असे धरता येत नाही. तिथे डीजीच्या स्वतःच्या ब्रेकरचे सेटिंग पाहा. तोच आधी ट्रिप होत असेल तर वेळ त्याचा घ्या, पण त्याची ट्रिप टेस्ट झाल्याची नोंद असेल तरच.

टप्पा ८: ट्रान्सफॉर्मर आणि पहिला एलटी फ्यूज यांच्यामधला पट्टा

हा भाग लोक सोडून देतात, आणि सर्वांत मोठा आकडा इथेच असतो. मेन पॅनलच्या इनकमर टर्मिनलला एलटीचा कोणताही फ्यूज वाचवत नाही. मागे असतो तो ११ केव्हीचा एचटी (उच्च दाबाचा) फ्यूज किंवा व्हीसीबी (व्हॅक्यूम ब्रेकर).

२३.५ किलोअँपिअर बोल्टेडला, ३२ मिमी गॅपवर, आर्क ११.३ किलोअँपिअर. ११ केव्हीच्या बाजूला तो २५.४ ने भागून दिसतो, म्हणजे ४४४ अँपिअर. १०० अँपिअरच्या एचटी फ्यूजला ही साडेचारपटही नाही. वेळ २ सेकंदांच्या पुढे जाऊ शकतो. ६१० मिमी अंतरावर २ सेकंदांना ४८ कॅलरी.

एचटीचे बहुतेक फ्यूज बॅक-अप जातीचे असतात. त्यांना किमान ब्रेकिंग करंट असतो आणि त्याच्या खालचा करंट ते स्वतः तोडू शकत नाहीत. स्ट्रायकर पिनने लोड ब्रेक स्विच उघडतो, म्हणून ती जोडणी चालू आहे का हे शटडाऊनमध्ये हाताने तपासा. गंजलेली लिंक असेल तर हिशेबातला वेळ निरर्थक.

माझे मत स्पष्ट आहे: या पट्ट्यावर चालू लाइनवर काम करायचेच नाही. कपडे कितीही जाड असोत. एचटी बंद, लॉक, टॅग, अर्थिंग, मगच दार उघडायचे.

टप्पा ९: आकडा मोठा आला तर

आधी फ्यूजचा आकार बघा, कपडे नंतर. डीबीचा खरा लोड क्लॅम्प मीटरने मोजा, हंगामाच्या दिवसांत. ‘पुढे वाढेल’ म्हणून ४०० घातलेला असतो आणि प्रत्यक्ष लोड १८० भरतो, असे बऱ्याच ठिकाणी आढळते. केबल तीच ठेवून फक्त फ्यूज बदलला तर काय होते ते पाहा, गेट मर्यादांवर आणि थोडी जास्तीची वेळ धरून:

| फ्यूज (जीजी) | ग्रिडवर (कॅलरी/चौ. सेमी) | डीजीवर (कॅलरी/चौ. सेमी) |
|---|---|---|
| ४०० अँपिअर | ६.२ | २०.७ |
| २५० अँपिअर | ०.६ | ५.० |
| २०० अँपिअर | ०.४ | १.७ |

तीन फ्यूजच्या किमतीत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. २०० चा फ्यूज ५.८७ किलोअँपिअरवर जवळजवळ पहिल्या अर्ध्या सायकलमध्येच वितळू लागतो. करंट लिमिटिंग या नावाला तो इथे खरा जागतो. बदलण्याआधी मोटर सुरू होतानाचा करंट फ्यूज सोसेल का आणि पुढच्या फ्यूजशी डिस्क्रिमिनेशन (फॉल्टजवळचा फ्यूज आधी उडणे) टिकते का, हे तपासायचेच. जीजी फ्यूजमध्ये साधारण १.६ पटीचे अंतर ठेवले तर पुढचा आधी उडतो.

लोड खरोखरच ३५० असेल तर डीबी दोन भागांत तोडता येतो का पाहा. तेही शक्य नसेल तर आर्क डिटेक्शन रिले किंवा वेगवान ट्रिप असलेला ब्रेकर, आणि त्याची नियमित चाचणी.

> इशारा: तिन्ही फ्यूज एकाच रेटिंगचे, एकाच जातीचे ठेवा. एक उडाला तर तिन्ही बदला. उरलेले दोन तापून गेलेले असतात आणि त्यांचा कर्व्ह आता छापील राहिलेला नसतो.

टप्पा १०: लेबल

लेबलवर ग्रिड आणि डीजी यांतली मोठी ऊर्जा लिहा. सोबत कामाचे अंतर, फ्यूजचे रेटिंग आणि जात, हिशेबाची तारीख. फ्यूजचे रेटिंग लिहिणे मला सर्वांत गरजेचे वाटते: ‘हा आकडा २०० अँपिअर जीजी फ्यूजसाठीच’ एवढे मराठीत ठळक असले की रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन स्टोअरमधून ४०० चा उचलताना थांबेल.

कपड्यांचे आर्क रेटिंग लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त हवे. टेरिकॉटचा शर्ट आत घालू नका. तो वितळून कातडीला चिकटतो. आणि कपडे मिळाले म्हणून चालू लाइनवर कामाची परवानगी मिळाली, असे होत नाही.

हिशेब पुन्हा कधी करायचा? ट्रान्सफॉर्मर बदलला, महावितरणने फीडर किंवा सबस्टेशन बदलून दिले, केबल वाढवली, डीजी बदलला, किंवा फ्यूजची जात अथवा रेटिंग बदलले की लगेच. यातले काहीच घडले नाही तरी एनएफपीए ७०ई या अमेरिकन विद्युत सुरक्षा मानकात पाच वर्षांच्या आत फेरतपासणी सांगितली आहे. फेरतपासणीची सुरुवात पुन्हा टप्पा १ पासून करा: शटडाऊन घेऊन, फ्यूज बाहेर काढून, त्याच्या अंगावरचे वाचून.